कोपरा फाडलेला रिपोर्ट

कारंज्याच्या पोस्टात मी अकरा वर्षं काढली, आणि त्या अकरा वर्षांत गावाची जितकी कार्डं माझ्या हाताखालून गेली तितकी मी वाचली. हे ऐकून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. लिफाफा मी कधी फोडला नाही. पण पोस्टकार्ड उघडं असतं, त्यावर शिक्का मारायचा तर त्याच्याकडे बघावं लागतं, आणि बघितलं की अक्षरं डोळ्यांत शिरतात. डोळे मिटून शिक्का मारावा असा सरकारी हुकूम मला कधी आला नाही.

त्या सगळ्या कार्डांत मला सर्वांत जास्त छळलं ते जानराव इंगोल्यांच्या कार्डांनी. दर सोमवारी एक, मुंबईच्या एका कापसाच्या पेढीच्या पत्त्यावर. त्याला ते ‘रिपोर्ट’ म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना छाती जरा पुढे काढत.

जानराव आधी एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रुई पारखायला होते. चिमटीत कापूस धरायचा, सरकी सोडवायची, धागा ओढायचा आणि सांगायचं, हा मानोऱ्याकडचा काळ्या रानातला, हा मंगरुळाकडचा बरड जमिनीतला. पेढीचा माणूस एकदा त्या जिनात आला. त्यानं जानरावांचे डोळे उपरण्यानं बांधले आणि हातात पाच मुठी दिल्या. जानरावांनी पाचही गावं बरोबर सांगितली, वर पाचव्या मुठीत ओला कापूस मिसळला आहे हेही सांगितलं. जिनाच्या मालकाला ते आवडलं नाही, पण पेढीच्या माणसाला फार आवडलं. त्यानं तिथल्या तिथं जानरावांना पेढीचा खबऱ्या नेमलं. काम सोपं. गावोगाव फिरायचं, पेरणी कशी झाली, पाऊस किती, रोग कोणता आणि पीक किती आणे ते दर आठवड्याला लिहून कळवायचं. तेव्हा पीक आण्यांत सांगत. भरघोस आलं तर सोळा आणे, निम्मं आलं तर आठ.

फिरायचं तर वाहन पाहिजे, म्हणून पेढीनं एक घोडी दिली. तिचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका, एका कानाला खोक, आणि चालताना उगाच मान हलवायची सवय. जानराव तोवर बेचाळीस वर्षं पायी चालले होते. ते पहिल्यांदा चंद्रीवर बसून पोस्टासमोरून गेले तेव्हा मला रामराम घालायला खाली उतरले, आणि पुन्हा वर चढता येईना म्हणून घरापर्यंत तिला हातात धरून घेऊन गेले. खरं सांगायचं तर जानरावांचा जीव नोकरीत नव्हताच, तो घोडीत होता. त्यांच्या बायकोचं, पंचफुलाबाईंचं, म्हणणं असं की, ‘‘मले नथ कराले बारा वर्सं लागले, अन् घोडीच्या गळ्यात घुंगरं आठ दिवसांत आले.’’

तर रिपोर्ट. पहिलाच रिपोर्ट मला अजून पाठ आहे.

‘श्री. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपले कृपेने इकडील सर्व मंडळी खुशाल असून आपली खुशाली कळवीत जावी. सोमवारी मानोऱ्यास गेलो. तेथे बबनराव पाटलांनी दूध-भाकर खाऊ घातली, फार आग्रह केला. त्यांच्या नातवाचे बारसे आहे. नाव अद्याप ठरले नाही, ठरताच कळवीन. परतताना चंद्रीचे मागील उजव्या पायाची नाल सैल झाली होती ती ठोकून घेतली. आता बरी चालते.’

इथं कार्ड संपलं. कापूस राहिला होता. तो जानरावांनी समासात घातला, बारीक अक्षरात, खालून वर. समास संपला तेव्हा तो कोपऱ्यावरून वळला आणि पत्त्याच्या बाजूला आला. पेढीचं नाव, रस्ता, ‘कपाशीवर मावा पडला आहे’, मुंबई. मी कपाळावर हात मारून शिक्का मारला. चौथ्या दिवशी मूर्तिजापूरच्या मोठ्या पोस्टातून कार्ड परत आलं. त्यावर तिथल्या बाबूनं लाल शाईनं लिहिलं होतं, ‘यातील पत्ता कोणता व रोग कोणता ते कळवावे.’

मी जानरावांना बोलावून घेतलं. ‘‘काहून जानराव, मावा पत्त्यात कायले घुसवला? पयलेच लिवता येत नाई?’’

जानरावांना माझी कीव आली. ‘‘मास्तर, सेठ केवढा मोटा मानूस. त्याच्या दारात पाय ठेवला की एकदम ‘मावा पडला’ म्हनू? काही रीतभात हाये की नाई? वडील मानसाले वाईट खबर सांगाची तं आधी बसवा लागते, पानी द्या लागते, चार घरच्या गोष्टी करा लागते, अन् मंग हळूच सांगा लागते.’’

‘‘हो, पन कार्डावर तेवढी जागा कुठं हाये?’’

‘‘म्हनून तं बारीक लिवलं,’’ जानराव म्हणाले.

मी पत्त्याची वेगळी चिठ्ठी चिकटवून ते कार्ड पुन्हा रवाना केलं. असे सहा-सात रिपोर्ट गेले. मग मुंबईहून उत्तर आलं. लिहिणारे पेढीचे मराठी कारकून, अंताजीपंत. त्यांचं अक्षर छापल्यासारखं आणि स्वभाव कारल्याचा. ‘आपले रिपोर्टांवरून मानोऱ्याचे बबनराव पाटील यांचे घरचे सर्व वृत्त कळते, कपाशीचे काही कळत नाही. पाटलांचे नातवाचे नाव कळविण्याची आवश्यकता नाही. रिसोडास आपलेप्रमाणेच रामकिसन हे काम करितात, त्यांचे रिपोर्ट तीन ओळींत सर्व सांगतात. दिवाळीपर्यंत आपले लिहिण्यात सुधारणा न दिसल्यास घोडी रामकिसन यांजकडे रवाना करण्यात येईल.’

शेवटचं वाक्य वाचल्यावर जानराव पोस्टाच्या पायरीवरच बसले. समोर चंद्री बांधलेली होती, ती मान हलवत होती. ‘‘रामकिसनकडे?’’ ते म्हणाले. ‘‘थो तं ओट्यावरून खाली उतरत नाई, मास्तर! बाजाराले आलेल्या गाडीवानाले पुसते अन् लिवून देते. घोडी घेऊन तो करन काय? ओट्यावर बांधन?’’

त्यात खोटं काही नव्हतं. रिसोडच्या पोस्टात माझा ओळखीचा बाबू होता, तोही हेच सांगे. रामकिसन रुळानं रेघा आखून, मथळे लाल शाईनं घालून, मोत्यासारखं लिहीत, आणि शेतातलं ढेकूळ त्यांनी दहा वर्षांत पायाखाली घेतलं नव्हतं. मला असल्या माणसांचा मुळात राग आहे. म्हणून मी जानरावांना म्हटलं, ‘‘तुमी फिकर करू नका. मी शिकवतो तुमाले.’’ मला स्वतःला तरी कुठं येत होतं? पण सरकारी नोकराला तसं म्हणता येत नाही.

मी सांगितलं की थोडक्यात लिहा. जानरावांनी ते फारच मनावर घेतलं. पुढच्या सोमवारच्या कार्डावर दोनच शब्द होते, ‘बरं नाही.’ कपाशीवर करपा दिसत होता, त्याबद्दलचं ते होतं. पेढीत त्याचा अर्थ जानराव आजारी आहेत असा झाला. आठ दिवसांनी पार्सल आलं. त्यात कडू औषधाची एक मोठी बाटली आणि ‘प्रकृतीस जपावे’ अशी चिठ्ठी. जानरावांनी ती बाटली तीन दिवसांत संपवली.

‘‘अहो, तुमाले काही झालं नाई, तुमी कायले पेता?’’ मी विचारलं.

‘‘सेठानं पाठवलेलं औषद फेकू कसं?’’ ते तोंड वाकडं करून म्हणाले. तो आठवडा त्यांना काही खाववलं नाही आणि मग ते खरंच आजारी दिसायला लागले.

मग मी दुसरा उपाय काढला. कार्डावर तीन रेघा मारून दिल्या. पहिल्या रेघेवर काय झालं, दुसरीवर कुठं, तिसरीवर किती. पहिल्या दोन जानरावांनी उत्तम भरल्या. तिसरीपाशी घोडं अडलं. उभ्या पिकाचा आकडा ते तोंडातून काढेनात.

‘‘नजर लागते, मास्तर. कास्तकाराले पुसा, कोनी सांगते काय? बारा आने पीक उभं असन तरी ‘काही खरं नाई जी यंदा’ म्हनते. अन् मी सगळ्याईच्या पिकाचा आकडा उघड्या कार्डावर लिवू? तुमी वाचसान, मूर्तिजापूरचा बाबू वाचन, गाडीवाला वाचन!’’

म्हणजे मी वाचतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिसऱ्या रेघेवर लिहिलं, ‘पीक जेवढे असावे त्याचे आसपास आहे.’ अंताजीपंतांनी उलट टपाली विचारलं, ‘आसपास म्हणजे किती?’ जानरावांनी कळवलं, ‘जवळच.’

यानंतर जे पत्र आलं त्यात अंताजीपंतांच्या अक्षराचा छापीलपणा पार गेला होता. ‘हे शेवटचे लिहितो. रामकिसन सोळा आणे लिहितात, सेठजी त्यावर दिवाळीच्या मुहूर्ताचा मोठा सौदा करणार आहेत. आपला रिपोर्ट असा पाहिजे की हातात घेताच, वाचण्याचेही आधी, मुख्य गोष्ट ध्यानी यावी. आणि मग मजकूर, मोजका आणि आकड्यांसह. जमल्यास ठीक. न जमल्यास घोडी.’

मोठा सौदा म्हणजे काय ते मी जानरावांना समजावलं. पीक सोळा आणे येणार म्हणजे कापूस मुबलक, म्हणजे भाव पडणार. सेठ आजच्या भावानं पुढचा कापूस पुरवायचा शब्द देऊन बसणार. पीक आलंच नाही तर तोच कापूस दुप्पट भावानं विकत घेऊन द्यावा लागेल, आणि पेढी बुडेल. जानरावांनी सगळं ऐकून घेतलं, चंद्रीचं खोगीर आवळलं आणि गेले ते आठ दिवस दिसले नाहीत.

आश्विनातला शनिवार होता. जानराव आले ते घोडीला हातात धरून, पायी. खिडकीशी येऊन त्यांनी उपरणं सोडलं आणि माझ्या टपालावर पसाभर बोंडं ओतली. हिरवी, टपोरी, चांगली दिसणारी बोंडं. त्यांनी एक घेऊन अंगठ्यानं फोडलं. आत गुलाबी अळी होती. दुसरं फोडलं, त्यातही होती.

‘‘सडकेवरून पाहाल तं सोळा आने,’’ ते म्हणाले. ‘‘हिरवंगार. मी हरेक वावरात उतरलो. चार कोपऱ्याची अन् मधातली, वीस-वीस बोंडं तोडली, शंभर झाली की फोडली. साठ किडकी. कुठं पासष्ट. कारंज्याले तेच, मानोऱ्याले तेच, मंगरुळाले तेच. सहा आन्याच्या वरतं नाई जात, मास्तर.’’

‘‘आकडा सांगून राह्यले तुमी,’’ मी म्हटलं.

‘‘मेलेल्याले नजर काय लागन?’’ जानराव म्हणाले.  घोडीची काळजी त्यांना होतीच, पण त्याहून जास्त त्या वावरांची होती. मला एरवी माणसांचा कंटाळा फार, पण त्या दिवशी मी पोस्ट बंद करून त्यांच्या घरी गेलो.

पंचफुलाबाई अंगणात सुपात ज्वारी पाखडत होत्या. जानराव खाटेवर बसून कपाळ चोळत म्हणाले, ‘‘हे सेठाले कसं लिवू? सुरवात कुठून करू?’’

‘‘नमस्कारापासून करा,’’ बाई सूप न थांबवता म्हणाल्या. ‘‘मंग माही खुशाली लिवा, मंग घोडीची. तवरोक सेठाचं दुकान बुडते.’’

‘‘तुले काय समजते त्याच्यात?’’

सूप थांबलं. ‘‘मले? मागच्या साली वावराच्या धुऱ्यावर तुमच्या पायापाशी साप निघाला, तवा मी काय म्हनलं? ‘साष्टांग नमस्कार, आमी इकडं खुशाल हावो’ असं म्हनलं काय? ‘साप!’ म्हनलं. तुमी उडी मारून बाजूले झाले. मंग तुमी पुसलं कुठं, मंग पुसलं केवढा, मंग मी सांगतलं. नमस्कार करत बसली असती तं आज रिपोट लिवाले तुमी राह्यले असते काय?’’

मी पोस्टात इतकी वर्षं होतो, पण पत्र कसं लिहावं हे मला इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.  पण जानरावांच्या डोक्यात अंताजीपंतांचं वाक्य अडकलं होतं. ‘‘ते झालं. पन साप म्हनलेलं आइका तं लागते ना? मुंबईवाला म्हनते वाचाच्या आधीच समजलं पायजे. वाचाच्या आधी कसं समजन?’’

‘‘मले काय पुसता? मले वाचता येते काय?’’ बाई पुन्हा पाखडायला लागल्या. ‘‘कार्ड आलं की आमी बाया कोपरा पाह्यतो. कोपरा हाये तं सगळे जित्ते हाये. नसन तं कोनी गेलं.’’

ही आमच्याकडची जुनी रीत. मरणाची खबर असली की कार्डाचा एक कोपरा फाडायचा. असं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचतात, वाचून फाडून टाकतात आणि डोक्यावरून पाणी घेतात.  जानराव बायकोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले होते, हे मला नंतर आठवलं.

सोमवारी सकाळी त्यांनी खिडकीतून कार्ड आत सरकवलं. वरचा उजवा कोपरा फाडलेला. मी हातातला शिक्का खाली ठेवला.

‘‘कोन गेलं, जानराव?’’

‘‘कपाशी,’’ ते म्हणाले.

मी कार्ड वाचलं. ‘कपाशी गेली. बोंडांत अळी. कारंजा, मानोरा, मंगरूळ तिन्हीकडे. शंभरांत साठ बोंडे किडकी, स्वतः फोडून मोजली. पीक सहा आणे, जास्त नाही. सडकेवरून हिरवी दिसते, खाली उतरून पाहावे. जानराव इंगोले.’ समास कोरे होते. पत्ता स्वच्छ होता. घोडीचं नाव कुठंही नव्हतं. मी ते तीनदा वाचलं. आपल्या हाताखालचं पोर पहिल्या नंबरानं पास व्हावं तसं मला वाटलं, जरी शिकवणारी पंचफुलाबाई होती.

कोपरा मी थांबवायला पाहिजे होता. दुसरं कार्ड देऊन ‘हेच पुन्हा लिवा’ म्हणायला पाहिजे होतं. पण अंताजीपंतांच्या हातात हे कार्ड पडेल तेव्हा त्यांचं तोंड कसं होईल, हे डोळ्यांसमोर आलं, आणि मला मोह आवरला नाही. मी शिक्का मारला आणि कार्ड थैलीत टाकलं.

मग मुंबई एकदम चूप झाली. आठवडा गेला, उत्तर नाही. दिवाळी आली, उत्तर नाही. जानराव रोज खिडकीशी येत. ‘‘आली काय चिठ्ठी?’’ मी नाही म्हणे, आणि ते जात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ते चंद्रीच्या गळ्यातली घुंगरं सोडत होते. ‘‘घोडी पेढीची हाये, जाईन तं जाईन,’’ ते म्हणाले, ‘‘घुंगरं माह्यी हाये. रामकिसनच्या ओट्यावर नाई वाजू द्याची.’’ मला तेव्हा माझी फार लाज वाटली. शिक्का मारलेला तो हात मी दोन दिवस खिशात घालून हिंडलो.

दहा-बारा दिवसांनी जाड लिफाफा आला. जानरावांनी तो मलाच फोडायला लावला. अंताजीपंतांनी सगळी हकीकत लिहिली होती, आणि ते तितके कारलं नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

कार्ड पोचलं ते धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. पेढीत लक्ष्मीपूजनाची तयारी, गादीवर नव्या पांढऱ्या चादरी. शिपायानं फाटका कोपरा पाहिला आणि कार्ड आत न आणता बाहेर खिडकीत ठेवून त्यावर दगड ठेवला. शिक्का कारंज्याचा. अंताजीपंतांची बहीण मंगरुळात दिलेली. आणखी दोन कारकून वऱ्हाडातले. प्रत्येकाची खात्री की मेलेलं माणूस आपलंच. आता सुतक कधी लागतं? खबर कळली की. वाचलं तर त्या क्षणापासून सुतक, मग पूजा नाही, गोड नाही, मुहूर्त नाही. न वाचलं तर सगळं होतं. तेव्हा सर्वानुमते असं ठरलं की कार्ड आलेलंच नाही. सगळे मागच्या जिन्यानं येऊ-जाऊ लागले. अंताजीपंतांनी लिहिलं होतं की बहिणीच्या नावानं ते रोज त्या खिडकीकडे पाठ करून दोनदा रडत, पण कार्डाला हात लावण्याची हिंमत त्यांना झाली नाही.

म्हणजे वाचण्याआधीच कळेल असा रिपोर्ट जानरावांनी लिहिला, आणि कुणी तो वाचेचना.

पण कार्ड सेठजींच्या गादीवरून दिसत होतं. मुहूर्ताच्या दिवशी त्यांचं लक्ष सारखं तिकडे. शेवटी ते म्हणाले, कुणाचं तरी मरण खिडकीत बसलेलं असताना मी मोठा सौदा करणार नाही. रामकिसनचा सोळा आण्यांचा रिपोर्ट समोर होता, तरी त्यांनी शकुनापुरता कापसाच्या दोन गाठींचा सौदा केला आणि उठले. दिवाळी संपल्यावर अंताजीपंत पायरीवर उभे राहिले. शेजारी पाण्याच्या तीन बादल्या भरून ठेवल्या होत्या. त्यांनी डोळे किलकिले करून पहिले दोन शब्द वाचले. शिपाई सवयीनं रडायला लागला. अंताजीपंतांनी पुन्हा वाचलं, मग पुढचं वाचलं, आणि मग त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी पायरीवर बसकण मारली. ‘पाणी भरलेले होते, सबब स्नान केले,’ असं त्यांनी लिहिलं होतं. त्याच आठवड्यात अळीची बातमी बाजारात फुटली आणि भाव चढले. सोळा आण्यांवर शब्द देऊन बसलेल्या चार पेढ्या डोक्याला हात लावून बसल्या.

पत्राचा शेवट असा होता: ‘सेठजींचे म्हणणे, शेतात उतरून बोंड फोडणारा माणूस घोडीवरच पाहिजे. घोडी आपलेकडेच ठेवावी. रामकिसन यांसही यापुढे शेतात उतरण्याविषयी लिहिले आहे. त्यांस घोडी नाही, पायी उतरावे. आपला मजकूर उत्तम. यापुढे असाच लिहावा. मात्र कोपरा फाडण्यास सक्त मनाई आहे.’

जानराव उठले, बाहेर गेले आणि चंद्रीच्या मानेत तोंड खुपसून उभे राहिले. मी खिडकीतून बघत होतो. बऱ्याच वेळानं ते परत आले, डोळे पुसले आणि म्हणाले, ‘‘मजकूर उत्तम, असं लिवलं काय? एकखेप पुन्हा वाचा.’’ मी चारदा वाचलं.

त्यानंतर नऊ वर्षं दर सोमवारी रिपोर्ट गेला. आधी साप, मग कुठं, मग केवढा. इतके नेटके रिपोर्ट की मूर्तिजापूरचा बाबूही ते वाचायला थांबे. एकच सवलत जानरावांनी स्वतःसाठी ठेवली होती. अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ असे: ‘चंद्री बरी आहे.’ अंताजीपंतांनी त्यावर कधी हरकत घेतली नाही.

नवव्या वर्षी, कार्तिकात, जानराव गेले. मानोऱ्याच्या सडकेला चंद्रीवरून उतरून एका वावरात बोंडं तोडत होते, छातीत दुखतं म्हणून बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. घोडी एकटी घरी आली. तो शुक्रवार होता. सोमवारी पंचफुलाबाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

‘‘आज मुंबईले कार्ड जाते,’’ त्या म्हणाल्या.

मी कार्ड घेतलं. काय लिहू हे विचारायची मला हिंमत होईना. त्यांनीच सांगितलं, ‘‘पयले तेच लिवा.’’

मी लिहिलं, ‘जानराव गेले.’ मग कुठं, मग कसं. लिहून झाल्यावर माझा हात आपोआप कोपऱ्याकडे गेला.

‘‘फाडू नका, मास्तर. मुंबईची मनाई हाये. त्याईनं इतके वर्सं पाळली.’’

कोपरा तसाच राहिला. कार्ड अर्धं कोरं होतं. ‘‘या जाग्यावर काय लिवू?’’ मी विचारलं.

‘‘खुशाली लिवा. सगळ्याईची. त्याईले लय लिवावं वाटे, पन जागाच नसे.’’

मग मी लिहिलं. कोण कोण दहनाला आलं, चंद्री दोन दिवस दाणा खात नव्हती ती आज खायला लागली, शेजारची म्हैस व्याली, पोस्टाच्या भिंतीला चुना लावला. कार्ड भरलं, समास भरले, आणि उरलेलं वळून पत्त्याच्या बाजूला गेलं. मूर्तिजापूरहून ते परत येईल अशी मला भीती होती. आलं नाही.

पंधरा दिवसांनी अंताजीपंतांचं उत्तर आलं. मी ते घेऊन स्वतः पंचफुलाबाईंच्या घरी गेलो आणि अंगणात वाचून दाखवलं. सेठजींनी पेढी एक दिवस बंद ठेवली होती. घोडी बाईंकडेच ठेवावी असा हुकूम होता. आणि अगदी खाली: ‘आपले यजमानांनी पहिल्या रिपोर्टात मानोऱ्याचे बबनराव पाटील यांचे नातवाचे नाव ठरताच कळवितो असे लिहिले होते. मी मूर्खाने ते नको म्हटले. पुढे नऊ वर्षे दर कार्डात शोधीत होतो. आपणांस माहीत असल्यास कळवावे.’

पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. पण त्या हसत होत्या, जानराव गेल्यापासून पहिल्यांदा.

‘‘रामकिसन ठेवलं जी त्या पोराचं नाव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मंग हे कायले कळवतीन?’’